खिडकीकडं, दाराकडं

तक्ता पडला. एवढंच झालं खरं तर. जुलै महिना, अकोले तालुक्याचा पश्चिम भाग, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला एक दोन शिक्षकी शाळा, बाहेर असा पाऊस की समोरचा डोंगर सकाळपासून दिसलाच नव्हता. वर्गात लाइट नाही, ओल्या दप्तरांचा आणि खोबरेल तेलाचा वास, मागच्या पडवीत खिचडीची फोडणी पडलेली. आम्ही, म्हणजे शाळाशाळांतून मुलांची तपासणी करत फिरणारं सरकारी पथक, डोळे तपासत होतो. भिंतीवर खिळ्याला सुतळीने टांगलेला, चारही दिशांना वळवलेल्या इंग्रजी ई-चा तक्ता, सहा मीटरवर फरशीवर खडूने मारलेली रेघ आणि रेघेवर उभा एक दुसरीतला पोरगा, पुढचे दोन्ही दात पडलेले. आमच्या सिस्टर तक्त्यावर पट्टी ठेवून विचारत होत्या, फणीचे दात कुणीकडं? दुसरीतल्या पोरांना डावं-उजवं विचारलं की अर्धी पोरं आधी कुठल्या हाताने जेवतो ते आठवत बसतात, म्हणून आम्ही त्या वर्गापुरतं ठरवून टाकलं होतं, एका बाजूला खिडकी, एका बाजूला दार. उजवा डोळा झाला, पार शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत. मग त्याने उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि डाव्याने सुरू केलं. वर, दाराकडं, खाली, खिडकीकडं... दात नसल्यामुळे 'खिडकीकडं'मधून हवा जायची. शेवटून दुसऱ्या ओळीवर असताना वारा आला, सुतळी सुटली आणि तक्ता घसरून खाली बाकामागे गेला.

पोरगा थांबलाच नाही. "खाली, दाराकडं, वर, वर, खिडकीकडं." ओळ संपवली, पुढची घेतली, तीही संपवली. समोर नुसती भिंत आणि भिंतीवर खिळा.

अख्खा वर्ग हसला. सर हसले, सिस्टर हसल्या, आमचा फार्मासिस्ट वजनकाट्यापाशी बसून गुडघ्यावर हात मारून हसला, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसले. हसताना पोराकडे बघितलं तर तोही हसत होता, पण डोळ्यावरचा हात काढला नव्हता त्याने. काढ म्हटल्याशिवाय कसा काढणार? मग मी तक्ता उचलला, उलटा करून टांगला आणि डावा डोळा परत घेतला. मोठ्या अक्षरांच्या, आता खाली आलेल्या तीन ओळी वाचल्या त्याने, थोडं अडखळत. चौथ्या ओळीला त्याने मान पुढे काढली, डोळा बारीक केला आणि म्हणाला, "मॅडम, हे पुसलेलं हाय." ६/२४. म्हणजे नीट नजरेच्या माणसाला चोवीस मीटरवरून जे दिसतं ते बघायला त्या डोळ्याला सहा मीटरवर यावं लागत होतं. आणि तक्ता पडला नसता तर मी रजिस्टरला त्याच्या नावापुढे दोन्ही डोळे ६/६ लिहून "चल, पुढचा" म्हणाले असते. त्याच्याआधीच्या सगळ्यांना तसंच म्हटलं होतं.

परत येताना गाडीत कुणी विषय काढला नाही. वायपर खरखरत होता, ड्रायव्हर भाऊ घाटात शेवाळ किती झालंय ते सांगत होते आणि मी मांडीवर रजिस्टर घेऊन त्या दिवसाची पानं उलटत होते. दोन शाळा मिळून ११२ मुलं. ६/६, ६/६, ६/६, एखादं ६/९, परत ६/६. माझंच अक्षर, माझीच सही. त्यात किती जणांनी डाव्या डोळ्याने वाचलं आणि किती जणांनी उजव्याने आधी वाचलेलं नुसतं म्हणून दाखवलं, हे त्या पानावरून कोण सांगणार. म्हणजे बघा, त्याने रांगेत उभं राहून दुसऱ्याचं ऐकून पाठ केलं असं पण नव्हतं (तसंही करतात, ते नंतर कळलं). त्याचा उजवा डोळा चांगलाच होता, त्यानेच तो तक्ता मिनिटभरापूर्वी वाचला होता. आम्ही आधी उत्तरं त्याच्या हातात दिली आणि मग तीच परीक्षा परत घेतली.

मला हे शिकवलं नव्हतं का? हा प्रश्न त्या रात्री बराच वेळ चावत राहिला. शिकवलं होतं बहुतेक. नगरला पाच दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं आमचं. मी बीएएमएस, आमच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात दोन डॉक्टर असतात, एक पुरुष एक बाई, बरोबर एक नर्स आणि एक फार्मासिस्ट, सगळे माझ्यासारखे कंत्राटी. मी लागले २०१४ ला. त्याच्या आदल्या वर्षी फेब्रुवारीत पालघरला या कार्यक्रमाचं उद्घाटन झालेलं, म्हणजे सगळंच कोरं करकरीत होतं, फॉर्म कोरे, फाइली कोऱ्या, आम्ही पण कोरेच. हॉलमध्ये पंखे मोठ्याने फिरायचे, प्रोजेक्टरवर इंग्रजीत 'डी'ने सुरू होणारे चार शब्द यायचे, जन्मतः असलेले दोष, कमतरता, आजार, वाढ-विकासातला उशीर, त्या चारात मिळून तीस अवस्था, आणि प्रत्येक स्लाइड वाचून दाखवली जायची, आम्हाला वाचता येत नसल्यासारखी. एक स्लाइड इतिहासाची होती. भारतात शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी पहिल्यांदा झाली १९०९ साली, बडोदे शहरात. त्याच्या पुढच्याच ओळीत १९४६, देशाच्या आरोग्य व्यवस्थेचा आढावा घेणारी भोर समिती म्हणते देशात शालेय आरोग्य सेवा जवळजवळ अस्तित्वातच नाही. मधली सदतीस वर्षं एका एंटरमध्ये गेली. जेवणानंतरचं सेशन, अर्धा हॉल पेंगत होता, पण मला ते बडोदं कुठेतरी अडकलं. सयाजीरावांच्या राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आधीच सुरू झालेलं, पोरं शाळेत आलेली, आणि कुणीतरी डॉक्टर बॅग घेऊन वर्गात शिरला असेल. ई-चा नसेल पण अक्षरांचा तक्ता तेव्हाही जगात होता, स्नेलन नावाच्या डच डॉक्टरने तो १८६२ मध्येच केला. तेव्हाच्या पोरांनीही पाठ करून म्हणून दाखवलं असेल का काहीतरी? मास्तरांच्या धाकाने नक्कीच.

प्रात्यक्षिक आम्ही एकमेकांवर केलं. गंमत तिथेच आहे. निम्मे डॉक्टर आणि निम्मे 'मुलं'. दाढीवाले, पोट सुटलेले, लग्न झालेले आमचे सहकारी रांगेत मुलं म्हणून उभे राहिले. उंची मोजताना टाचा भिंतीला, गुडघे सरळ, नजर समोर, आणि "आधी बूट काढायला सांगा" हे ट्रेनर इतक्या वेळा म्हणाले की मी वहीत दोनदा लिहिलंय, एकदा अधोरेखित. पहिल्याच शाळेत गेले तर रांगेतल्या चाळीस पोरांत बूट असलेली तीन. बाकीच्यांना काय काढायला सांगू? आणि मोठ्या माणसाला मूल व्हायला सांगितलं की तो मूल होत नाही, तो आज्ञाधारक पेशंट होतो. जीभ काढा म्हटलं की काढतो, दीर्घ श्वास घ्या म्हटलं की घेतो, दिसत नाही तर "नाही दिसत" म्हणतो. तो घाबरत नाही, मागच्याला चिमटा काढत नाही, त्याला शू लागत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला तुमच्याकडून शाबासकी नको असते.

आपल्याकडे 'तपासणी' हा एकच शब्द आहे दोन्हीला. शाळेची तपासणी आणि आरोग्याची तपासणी. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. तपासणीला साहेब यायचे तेव्हा आठवडाभर आधी शेणाने सारवण व्हायचं, कुंड्यांना गेरू लागायचा आणि गुरुजी हुशार पोरांना पुढच्या रांगेत आणून बसवायचे. साहेब कुठला प्रश्न विचारतात ते गुरुजींना माहीत असायचं, उत्तर आम्हाला पाठ असायचं. एकदा साहेबांनी फळ्यावरचा शब्द वाचायला सांगितला आणि माझ्या शेजारणीने फळ्याकडे न बघता गेल्या वर्षीचा शब्द म्हणून दाखवला. साहेब म्हणाले, छान. फळ्यावर बघितलं त्यांनी पण नव्हतं बहुधा. तर मग आता जीप येऊन उभी राहते, चार अनोळखी माणसं उतरतात, गळ्यात ओळखपत्रं, हातात रजिस्टर, सर सकाळपासून "रांगेत राहा रे, नखं कापली का रे" ओरडतायत, आणि सात वर्षांच्या पोराला भिंतीकडे बोट दाखवून प्रश्न विचारला जातोय. त्याने काय समजावं? तो पास व्हायला बघणार. तपासून बाहेर गेलेली पोरं दारात एकमेकांना विचारतात ते मी ऐकलंय कितीदा, "पास झाला का रं?"

पास झाला की चष्मा नाही, सुई नाही, गावाला जायला नको. तेही त्यांना माहीत असतं.

ट्रेनिंगने काहीच दिलं नाही असं म्हणायचं नाहीये मला, ते फार सोपं झालं बोलणं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा साबणाच्या फेसासारखा डाग, अ जीवनसत्त्व कमी असल्याचा, तो मी पाठ्यपुस्तकात बघितला होता पण ओळखायला त्या हॉलमध्ये शिकले. फिकट चट्ट्यावर हलकासा स्पर्श करून, डोळे मिटून, कुठे लावलं ते दाखव म्हणायचं, न कळलं तर कुष्ठरोगाचा संशय धरायचा, हे तिथेच शिकले आणि त्याने एक पोरगी वेळेत सापडली. पण बाकीचं जे रोज लागतं ते मला एका सिस्टरनी शिकवलं. माझ्या पहिल्या दोन वर्षांत त्या आमच्या पथकात होत्या, वयाने मोठ्या, आधी खूप वर्षं दवाखान्यात काम केलेल्या, नाकावर चष्मा, पिशवीत कायम बडीशेप. त्यांनी मला कधी शिकवतेय म्हणून शिकवलं नाही. एकदा मी पोरांचे तळहात बघत होते, रक्त कमी असलं की तळहात फिका दिसतो, बोटांच्या बेचक्यात खरूज दिसते, नखं दिसतात, एका हातात अर्धी तपासणी होते. मी प्रत्येकाला म्हणत होते, "हात पुढे कर." आणि पोरं हात पुढे करत होती, पण कशी, तर कोपर अंगाला चिकटवून, बोटं आत वळवून, मान खांद्यात. एका पोराने तर हात पुढे केला आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं सुईला भितोय. सिस्टर मागून हळूच म्हणाल्या, "मॅडम, हात पुढे कर कधी म्हणतात शाळेत?"

मला दोन सेकंद लागले.

छडी बंद झाली कायद्याने, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय. पण वाक्य तेच राहिलंय ना, पोरांच्या कानात आणि आमच्या पण. सिस्टर त्यानंतर पोरांना म्हणायच्या, "दे टाळी." पोरगं टाळी द्यायचं, सिस्टर तो हात सोडायच्याच नाहीत, गप्पा मारता मारता उलटा करून खिडकीच्या उजेडाकडे न्यायच्या. तेवढ्यात सगळं बघून व्हायचं. आता मीही टाळीच मागते. टाळी देताना कुठलं पोर कचरतं, कुठलं जोरात मारतं, कुठलं टाळी देऊन लगेच हात फ्रॉकला पुसतं, हे सगळं मी बघत असते आणि यातल्या एकालाही फॉर्मवर रकाना नाही.

गोळ्यांचं पण तसंच. पाच ते दहा वयाच्या पोरांना आठवड्यातून एकदा लोहाची गुलाबी गोळी, त्यात ४५ मिलिग्रॅम लोह, सोबत फॉलिक अॅसिड. शाळेत सर देतात. एका शाळेच्या मागे लघवीला जायच्या वाटेवर मला गवतात ठिपके दिसले, गुलाबी गुलाबी, वाटलं कसली फुलं आलीत. वाकून बघितलं तर गोळ्या. पावसाने रंग सुटलेला, काहींवर दाताची खूण. मी सरांवर चिडले, सर माझ्यावर चिडले, आणि दोघांचं भांडण ऐकून खिचडीवाल्या मावशी पदराला हात पुसत आल्या. त्या म्हणाल्या, तुम्ही गोळी देता सकाळी आल्या आल्या, निम्मी पोरं घरनं काळा चहा पिऊन आलेली, पोटात मळमळतं त्यांच्या. आणि एकाची आई येऊन तणतणून गेली, पोराला काळं शी होतंय, काय खायला घालता म्हणून. लोहाने शौचाचा रंग काळा होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे आम्हाला माहीत, सरांना माहीत, फक्त आयांना सांगायचं राहिलं होतं. उपाशीपोटी देऊ नका हेही लिहिलेलं होतं कुठेतरी. त्या दिवसापासून गोळी खिचडीनंतर, आणि वाटायला मावशी. "तोंड उघड, जीभ वर कर" हे त्या आमच्यापेक्षा कडक बघतात. मावशींना कुठल्याच ट्रेनिंगला कुणी बोलावलं नव्हतं. त्यांचं मानधन काय असतं ते मी इथे लिहीत नाही, लाज वाटते.

तर तो पोरगा. पुढच्या शनिवारी मी परत गेले त्या शाळेत. दौऱ्यात ती शाळा नव्हती, माझी सुट्टी होती, भाऊ म्हणाले डिझेलचं बघू आपण. या वेळी तक्ते दोन नेले, एका डोळ्याला एक, दुसऱ्याला दुसरा, आणि एका वेळी एकच पोर आत. बाकीची कुठे उभी राहणार, पाऊस होताच, मग सगळ्यांना दुसऱ्या वर्गात कोंबलं आणि सरांनी त्यांच्याकडून तासभर गाणी म्हणवून घेतली, जेणेकरून इकडचं काही तिकडे ऐकू जाऊ नये. साठेक पोरं होती. आणखी एक सापडली, चौथीतली मुलगी, तिला दोन्ही डोळ्यांनी कमी दिसत होतं आणि ती पुढच्या मुलाचं ऐकून बोलत होती. दोन. त्या दिवशीची दुसरी शाळा मात्र तशीच राहिली. वेळ नाही, गाडी नाही, पुढचा दौरा लागला, मग दिवाळी, कारणं खूप आहेत आणि सगळी खरी आहेत. पुढच्या वर्षी नव्या पद्धतीने तपासलीच, पण मधलं एक वर्ष गेलं ते गेलंच, आणि या वयात एक वर्ष म्हणजे काय हे मला माहीत असताना.

कारण त्याच्या डोळ्यात तसं काही बिघडलेलंच नव्हतं, म्हणजे बाहेरून. त्याला म्हणतात आळशी डोळा, डॉक्टरी भाषेत अँब्लायोपिया. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असला की मेंदू स्पष्ट चित्र येतं त्या डोळ्याचंच ऐकतो आणि दुसऱ्याचं ऐकणं हळूहळू सोडून देतो. दोन्ही डोळे उघडे असताना पोरगं धावतं, पतंग बघतं, फळा वाचतं, कुणाला शंका येत नाही, त्याला स्वतःलाही नाही. त्याला काय माहीत की दुसऱ्या डोळ्याने पण तेवढंच दिसायला हवं असतं. आणि हे सुधारायचं वय सात-आठपर्यंतचं सगळ्यात चांगलं, त्यानंतर अवघड होत जातं. म्हणजे पहिली-दुसरीत सापडलं तर सापडलं. पुढे विशीत पोलीस भरतीच्या मेडिकलला सापडतं, तोवर काही फार हातात राहत नाही.

त्याची आई आवणीत होती. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ, बांधावर उभी राहूनच बोलली. "दिसतंय की वं त्याला. झाडावरचा व्हला दिसतोय, अन् म्हनं डोळा अधू." मी तिथेच पावसात पोराचा उजवा डोळा झाकला आणि तिला म्हटलं, आता तुम्हीच विचारा त्याला काहीतरी. तिने लांबच्या बांधाकडे बोट केलं, तिथं कोण हाय सांग. पोराने बघितलं, परत बघितलं आणि म्हणाला, "बैल." तिथे त्याचा चुलता उभा होता, खोळ घेऊन. आई आधी हसली. मग हसता हसता गप्प झाली आणि तिने पोराच्या डोळ्यावरचा माझा हात स्वतःच बाजूला केला.

ग्रामीण रुग्णालयात नंबर काढणारे ठराविक दिवशी येतात, तिथून पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. जिल्ह्याचं ठिकाण आमच्या भागातून शंभर किलोमीटरच्या वर, एका खेपेला आईची दोन दिवसांची मजुरी बुडते, हे रेफरल कार्डावर कुठे लिहायचं? दोनदा ठरलेलं हुकलं. तिसऱ्यांदा आमच्याच गाडीतून नेलं, डोळ्यात औषध घातल्यावर त्याला सगळं अंधुक आणि लखलखीत दिसायला लागलं तर रडला नाही, म्हणाला, ऊन सांडलंय. प्लसचा नंबर निघाला, चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी, म्हणजे आळशाला काम करावंच लागेल. चष्मा आला दिवाळीच्या तोंडावर. दिवाळीनंतर मी शाळेत डोकावले तर पोरगा बिनचष्म्याचा. कुठाय रे? घरी. घरी कुठे? तर आजीने तो देव्हाऱ्यात ठेवला होता, कापडात गुंडाळून, हळदी-कुंकवाच्या करंड्याशेजारी, फुटेल म्हणून. पोराला सणावाराला घालायला देणार होती. आता यावर चिडायचं कसं? त्या घरातली ती सगळ्यात महागडी वस्तू असेल कदाचित, फुकट मिळाली असली तरी. आजीला समजवायला मला अर्धा तास लागला आणि दोन कप चहा. पट्टीचं सरांनी मनावर घेतलं, प्रार्थना झाली की लावायची, छोट्या सुट्टीला काढायची. पोरं "काण्या, काण्या" म्हणाली आठवडाभर, मग त्यांना चिडवायचाही कंटाळा आला.

नंतर मला ट्रेनिंगला बोलावलं, या वेळी पुढे उभं राहायला. उपकेंद्रांतल्या सिस्टर, नवीन लागलेले समुदाय आरोग्य अधिकारी, शाळांमधून आरोग्य दूत म्हणून निवडलेले थोडे शिक्षक, सगळे मिळून चाळीसेक. तोच पंखा, तीच इतिहासाची स्लाइड. मी ठरवून गेले होते. एका डॉक्टर मुलाला रेघेवर उभं केलं, उजवा डोळा वाचून घेतला, डावा सुरू केला आणि मधेच सुतळी ओढून तक्ता पाडला. तो लगेच थांबला आणि म्हणाला, "मॅडम, पडला." सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, तसं नाही, मूल थांबत नाही, मूल म्हणतच राहतं, आणि मग ती सगळी हकीकत सांगितली, पण हकीकत सांगणं आणि ते बघणं यात फरक आहे, लोक हसले, मान डोलावली, चहा आला. घरी जाताना वाटलं फसलंच सगळं. फक्त एक नवीन लागलेली सिस्टर चहाचा कप घेऊन आली होती माझ्याकडे, म्हणाली, "मॅडम, तुम्ही त्याचा डावा डोळा आधी घेतला असता तर तेव्हाच सापडला असता ना?" हो, सापडला असता. आणि पुढच्याचा उजवा वाईट असता तर तो सुटला असता. ती म्हणाली, "म्हणजे मग तक्ताच बदलायला पाहिजे." मी म्हटलं, हो गं बाई, तेवढंच. चाळीस मिनिटांत मला जे सांगता आलं नाही ते तिने बिस्कीट बुडवता बुडवता सांगून टाकलं.

गेल्या जुलैत त्या शाळेचा दौरा होता. पाऊस तसाच, लाइट तशीच नाही. दोन तक्ते घेऊन गेलो, खिळा सरांनी नवीन ठोकला होता. तो आता तिसरीत, दात आलेत, पुढचे दोन फावड्यासारखे, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. डावा डोळा ६/१२ आला. मला अजून एक ओळ हवी होती, पण ठीक आहे. त्याला बाजूला बसवलं आणि पुढची मुलगी घेतली, पहिलीतली, दोन वेण्या, लाल रिबिनी. हिला सगळं चुकत होतं. अगदी वरचा मोठा ई सुद्धा. फणीचे दात कुणीकडं? वर. वर नव्हते, खिडकीकडे होते. पुढचं? दाराकडं. तेही नाही. मला घाम फुटला, म्हटलं हिला तर काहीच दिसत नाही. जवळ नेलं, तीन मीटरवर, तरी तेच. मग माझ्या लक्षात आलं की चुकतंय पण एका लयीत चुकतंय. वर, दाराकडं, खाली, खिडकीकडं. गेल्या वर्षीचा तक्ता. मी गुडघ्यावर बसले तिच्यासमोर आणि विचारलं, अगं, तुला ते दिसतंय ना समोरचं?

"दिसतंय."

मग खिडकीकडं आहे ना ते? वर कशाला म्हणतेस?

तिने एकदा तक्त्याकडे बघितलं, एकदा बाकावर बसलेल्या त्याच्याकडे. "पन तो म्हनला वर हाय."

मी मागे वळले. तो चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत होता, फार मन लावून.